तोंडातली पांढरी बुरशी आणि ‘लाईटची ट्रीटमेंट’ : पैसे भरण्याआधी एवढं समजून घेऊ या



बी-बियाणं, शेळी, मुलांची फी यांसाठी कर्ज मागताना आपण बैठकीत मोकळेपणाने बोलतो. आजारपणासाठी मागायचं झालं की जीभ अडखळते. त्यातून दुखणं तोंडाचं असेल आणि त्यामागे एचआयव्ही असेल, तर बाई बोलतच नाही. तिखट लागत नाही, भाकरी गिळवत नाही, वजन उतरत जातं, आणि ती मात्र “उष्णता झालीय” म्हणून दिवस ढकलते. मग कुणीतरी सांगतं, “शहरात लाईटने एका फेरीत बरं करतात.” तिथून दागिना गहाण टाकायचा की गटाकडे अर्ज करायचा, असा प्रश्न उभा राहतो.

ही लाईटची ट्रीटमेंट खरी आहे की थोतांड? खरी आहे. तिच्यावर शास्त्रज्ञांनी काम केलंय, माणसांवर करूनही पाहिलंय. पण ती कशाला चालते, कशाला चालत नाही आणि तिच्याआधी काय करायला हवं, हे माहीत नसेल तर पैसाही जातो आणि वेळही जातो. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे. लेख बैठकीत मोठ्याने वाचला तरी चालेल, त्यात कुणाचं नाव नाही.

तोंडात पांढरं का येतं?

दह्याला विरजण लागतं तसे आपल्या तोंडातही असंख्य बारीक जीव राहत असतात. त्यातच कॅन्डिडा नावाची एक बुरशी असते. पुष्कळ धडधाकट माणसांच्या तोंडात ती असते आणि काही त्रास देत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती तिला ताब्यात ठेवते. ही राखण ढिली पडली की बुरशी फोफावते. जीभ, गालाची आतली बाजू, टाळू यांवर दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे ठिपके दिसतात. कापसाने पुसले तर निघतात आणि खाली लाल, हुळहुळी जागा दिसते. कधी पांढरं काहीच नसतं, नुसती जीभ लाल होऊन आग होते. कधी ओठांचे कोपरे चिरतात.

ही बुरशी कुणाकुणाला होते? तान्ह्या बाळांना, साखर वाढलेल्या मधुमेहींना, रात्रीसुद्धा कवळी न काढणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना, दम्याचा पंप ओढून चूळ न भरणाऱ्यांना, खूप दिवस अँटिबायोटिक किंवा स्टिरॉइड घेणाऱ्यांना. आणि एचआयव्ही असलेल्यांना. त्यामुळे पांढरं दिसलं की लगेच “हिला तसलं काहीतरी असणार” असा अर्थ काढू नका. आणि दुसऱ्या टोकाला जाऊन “उष्णताच आहे” म्हणून सोडूनही देऊ नका.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. मिश्री, तंबाखू किंवा सुपारीची सवय असलेल्या बाईच्या तोंडात जो पांढरा चट्टा पुसला तरी निघत नाही, तो वेगळा असतो. तसा चट्टा पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो. तो दंतवैद्याला दाखवायलाच हवा. त्यावर बुरशीचं औषध लावत महिने घालवू नका.

एचआयव्हीत हे लक्षण एवढं महत्त्वाचं का?

एचआयव्हीचा विषाणू रक्तातल्या सीडी४ नावाच्या पेशी मारतो. या पेशी म्हणजे शरीराच्या राखणदारांच्या मुकादम. त्या कमी झाल्या की बाकीच्यांना कामाला लावणारं कुणी उरत नाही. हा आकडा २०० च्या खाली गेला की तोंडातली बुरशी बळावण्याचा धोका फार वाढतो.

म्हणून तोंड हा एक आरसाच आहे. तपासणी न झालेल्या माणसात वारंवार येणारी पांढरी बुरशी हे पहिलं दिसणारं लक्षण असू शकतं. गोळ्या चालू असलेल्या बाईला ती पुन्हा झाली, तर गोळ्या चुकल्यात का, किंवा औषध नीट लागू पडत नाही का, हे पाहावं लागतं. आणि गिळताना छातीच्या मागे दुखू लागलं तर बुरशी अन्ननलिकेत उतरली असण्याची शक्यता असते. हा गंभीर टप्पा आहे. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

एचआयव्हीत जिभेच्या कडांना उभ्या रेघांसारखे, खरखरीत पांढरे पट्टेही येतात. ते पुसून निघत नाहीत. ते बुरशीने नव्हे, दुसऱ्या एका विषाणूमुळे येतात. घरी आरशात बघून दोन्हींत फरक करणं अवघड आहे. तो डॉक्टरांनीच करायचा.

पहिला उपचार आजही औषधाचाच

तोंडातल्या बुरशीवर चांगली औषधं आहेत आणि ती फार महागही नाहीत. थोडी बुरशी असेल तर क्लोट्रिमाझोलसारखं तोंडात लावायचं औषध देतात, किंवा निस्टॅटिन तोंडात घोळवायला देतात. जास्त असेल तर फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या, साधारण ७ ते १४ दिवस. पूर्वी उपकेंद्रात मिळणारं जांभळं औषध, म्हणजे जेन्शन व्हायोलेट, तुमच्यापैकी पुष्कळींना आठवत असेल. बाळाच्या तोंडाला लावलं की ओठ, झबलं, पदर सगळं जांभळं व्हायचं. तेही बुरशी मारणारा एक रंगच आहे.

मग प्रकाशाची गरज कुठे पडली? गोळ्यांना काही मर्यादा आहेत म्हणून.

पहिली मर्यादा अशी, की फ्लुकोनॅझोल पुन्हा पुन्हा, अर्धवट दिवस घेतलं तर बुरशी त्याला सरावते. एकाच कीटकनाशकाची फवारणी वर्षानुवर्षं केली की कीड मरेनाशी होते, तसंच हे. दुसरी, ही गोळी इतर औषधांशी भिडते. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन चालू असेल तर रक्तातलं फ्लुकोनॅझोल कमी पडतं. तिसरी, गरोदरपणात ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नसते. दिवस गेले असतील तर आधी सांगा. त्यांना लावायचं औषध देता येतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, बुरशी मारली तरी तिला वाढू देणारं कारण तसंच राहिलं तर ती परत येते. एचआयव्ही असेल तर त्या कारणावरचा इलाज म्हणजे एआरटीच्या रोजच्या गोळ्या. सरकारी एआरटी केंद्रात त्या २००४ पासून मोफत मिळतात. २०१७ पासून सीडी४ कितीही असो, एचआयव्ही निघाला की उपचार सुरू करायचा असं धोरण आहे. गोळ्या नेमाने घेतल्या की सीडी४ वाढतात आणि बहुतेकांची तोंडातली बुरशीही मागे हटते.

प्रकाशाने बुरशी कशी मरते?

प्रकाशाने इलाज ही कल्पना आपल्याला परकी नाही. कावीळ झालेल्या नवजात बाळाला जिल्हा रुग्णालयात निळ्या दिव्याखाली ठेवतात, ते आपण पाहिलंय. तो प्रकाश बाळाच्या अंगातल्या पिवळ्या द्रव्याचं रूप बदलतो, म्हणजे ते शरीराबाहेर पडू शकतं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी डेन्मार्कचे डॉक्टर नील्स फिन्सेन त्वचेच्या टीबीवर दिव्याच्या प्रकाशाने उपचार करायचे. त्यासाठी त्यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

तोंडातल्या बुरशीचा उपचार मात्र थोडा वेगळा आहे. त्याला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : रंग, प्रकाश आणि प्राणवायू. चुलीचं उदाहरण घ्या. सरपण, ठिणगी आणि हवा, तिन्ही असल्याशिवाय चूल पेटत नाही. इथे रंग म्हणजे सरपण, प्रकाश म्हणजे ठिणगी, आणि प्राणवायू म्हणजे हवा.

ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती जर्मनीत म्युनिकला, १९०० च्या सुमारास. ऑस्कर राब नावाचा एक वैद्यकीय विद्यार्थी पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवर एका रंगाचा परिणाम तपासत होता. त्याला दिसलं, की नुसत्या रंगाने जीव तसे मरत नाहीत, पण रंगासोबत उजेड पडला की पटापट मरतात. त्यातूनच पुढे या उपचाराची वाट निघाली.

आता दंतवैद्य काय करतात ते पाहू. मेथिलीन ब्लू नावाचा निळा रंग मोजून पातळ करून पांढऱ्या चट्ट्यांवर लावतात आणि थोडा वेळ मुरू देतात. बुरशी तो रंग शोषून घेते. मग ठरावीक तांबड्या रंगाचा लेझर किंवा एलईडीचा प्रकाश त्या जागेवर मोजून काही वेळ धरतात. प्रकाश लागला की रंग चेततो आणि आसपासच्या प्राणवायूला इतकं तिखट रूप देतो, की तो बुरशीच्या आवरणाला, आतल्या भागांना, सगळीकडे एकदम जाळतो. हे तिखट रूप क्षणभरच टिकतं आणि फार लांब जात नाही. म्हणून रंग लावलेल्या जागेपुरताच त्याचा मारा राहतो.

यात डोळ्यांना चष्मा लावतात, बाईलाही आणि डॉक्टरांनाही. इंजेक्शन नाही, कापाकापी नाही. थोडं कोमट वाटतं किंवा चुरचुरतं, आणि जीभ काही वेळ निळी दिसते, एवढंच.

याचे दोन फायदे आहेत. बुरशीवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव बसत असल्याने तिला या उपचाराला सरावणं अवघड जातं, म्हणजे गोळीला दाद न देणारी बुरशीही यात मरू शकते. आणि औषध पोटात जात नसल्याने ते एआरटीच्या किंवा टीबीच्या गोळ्यांशी भिडत नाही.

माणसांवर करून पाहिलं तेव्हा काय दिसलं?

ब्राझीलमध्ये एचआयव्ही असलेल्या आणि तोंडात बुरशी झालेल्या २१ रुग्णांवर याचा अभ्यास झाला. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे तीन गट केले. एका गटाला १४ दिवस फ्लुकोनॅझोलची गोळी दिली. दुसऱ्या गटाला नुसता तांबडा लेझर दिला, रंग न लावता. तिसऱ्या गटाला मेथिलीन ब्लू लावून मग लेझर दिला.

गोळीच्या गटाला आराम पडला, पण पुढच्या दिवसांत काहींची बुरशी परत आली. रंग लावून लेझर दिलेल्या गटाची बुरशी गेली, आणि ३० दिवसांपर्यंतच्या तपासण्यांत ती परत आलेली दिसली नाही. नुसता लेझर दिलेल्या गटाला मात्र बुरशीवर काहीच गुण आला नाही.

हे शेवटचं वाक्य दोनदा वाचा. पैसे भरण्याआधी त्याचाच उपयोग होणार आहे. रंगाशिवाय नुसता ‘लेझर मारून’ कुणी तोंडातली बुरशी घालवतो म्हणत असेल, तर तो उपचार हा नव्हे.

आणि दुसरी बाजूही नीट पाहू. २१ माणसं आणि ३० दिवस हा लहान अभ्यास आहे. एवढ्यावरून “गोळ्या सोडा, लाईट घ्या” असं म्हणता येत नाही. म्हणूनच डॉक्टर आजही पहिल्यांदा औषधच देतात. प्रकाशाचा विचार होतो तो गोळ्या लागू पडत नसतील, चालत नसतील किंवा बुरशी वारंवार येत असेल तेव्हा.

लाईट कुठे चालत नाही?

- एचआयव्हीवर चालत नाही. तोंडावर प्रकाश टाकून रक्तातला विषाणू जात नाही. “लाईटने एचआयव्ही बरा होतो” म्हणणारा खोटं बोलतो. त्याच्या नादाने एआरटी बंद केली तर जिवावर बेतेल.
- अन्ननलिकेतल्या बुरशीला ही ट्रीटमेंट पुरत नाही. तोंडात धरलेला प्रकाश तिथवर पोचत नाही. तिथे पोटातून किंवा शिरेतून औषधच लागतं.
- २०२१ साली कोविडनंतर जो ‘काळी बुरशी’चा आजार आला, म्हणजे म्युकरमायकोसिस, त्याची बुरशीच वेगळी. ती हाडापर्यंत शिरते. तिला शस्त्रक्रिया आणि अँफोटेरिसिनसारखं औषध लागतं. टाळू काळी पडणं, गाल-डोळा सुजणं, दात हलू लागणं, नाकातून काळपट स्राव येणं, यातलं काही दिसलं तर तासही घालवू नका. मधुमेह असेल तर अजिबातच नाही.
- मिश्री-तंबाखूच्या चट्ट्यावर आधी तपासणी, गरज पडली तर तुकडा काढून. तपासणीशिवाय लाईट नाही.

कॅन्सरच्या मोठ्या रुग्णालयांत किमो किंवा रेडिएशन घेणाऱ्यांच्या तोंडातल्या जखमा कमी व्हाव्यात म्हणूनही तांबडा प्रकाश देतात. त्यात रंग लावत नाहीत, कारण काम वेगळं आहे. तिथे जंतू मारायचा नसतो, जखम भरायला मदत करायची असते. दोन्हींना लोक ‘लेझर’च म्हणतात, म्हणून घोटाळा होतो.

घरी प्रयोग नको

हळदीचा पिवळा रंग, म्हणजे कुर्क्युमिन, निळ्या प्रकाशासोबत बुरशी मारतो का, यावरही संशोधन चाललंय. हे ऐकून आपल्याला बरं वाटतं. पण हळद लावून उन्हात तोंड उघडून बसलं म्हणजे तो उपचार होत नाही. रंग किती पातळ, प्रकाश कोणत्या जातीचा, किती जोराचा, किती वेळ, हे सगळं मोजावं लागतं. उन्हाने तोंड बरं होणार नाही, ओठ मात्र भाजतील.

मोबाईलचा टॉर्च, पार्लरमधला नखांचा दिवा, बाजारात मिळणारी ‘लेझर पेन’, यांतलं काहीही तोंडात धरू नका. लेझरने डोळा कायमचा जाऊ शकतो. मेथिलीन ब्लूची बाटली आणून घरी लावू नका, पिऊ तर नकाच. काही जणींच्या रक्तात जन्मतः एक घटक कमी असतो, त्यांना तो पोटात गेला तर रक्त फुटण्याचा धोका असतो. मानसिक आजाराच्या काही गोळ्यांसोबतही तो घातक ठरतो.

घरी करायचं ते साधं आहे. दिवसातून दोनदा मऊ ब्रश, जेवल्यावर चूळ, कवळी रात्री काढून धुऊन ठेवणं, दम्याच्या पंपानंतर चूळ, साखर ताब्यात, मिश्री-तंबाखू बंद. तोंड हुळहुळं असेल तोवर मऊ भात, वरण, पेज, ताक, केळं असं कोमट-गार खाणं. जेवण मात्र तोडायचं नाही.

पैसे भरण्याआधी विचारायचे सहा प्रश्न

१. हे नक्की बुरशीच आहे का? नमुना घेऊन तपासलं का?
२. आधी साधं औषध का नको? दिलं असेल तर पूर्ण दिवस झाले का?
३. लाईटच्या आधी रंग लावणार का? कोणता?
४. किती फेऱ्या लागतील, आणि सगळ्यांचा मिळून खर्च किती? लिहून द्याल का?
५. परत आली तर पुढे काय?
६. माझ्या चालू गोळ्यांचं काय? या प्रश्नाला “बंद करा” असं उत्तर आलं, तर उठून या.

खासगीत जाण्याआधी एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांना तोंड दाखवा. त्यांच्या चिठ्ठीवर ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयातल्या दंतवैद्याकडे जा. पुढची गरज पडली तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. निघण्याआधी तिथे ही सोय आहे का, ते चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांकडूनच विचारून घ्या, म्हणजे फेरी फुकट जाणार नाही.

“आम्ही असले पेशंट घेत नाही” असं म्हणाले तर?

तोंडाचं दुखणं घेऊन जाणाऱ्या एचआयव्हीच्या बाईला हे वाक्य ऐकावं लागू शकतं. कुणी सरळ नाकारतं, कुणी “मशीन बंद आहे” म्हणतं, कुणी ‘वेगळ्या साहित्याचे’ म्हणून जादा पैसे मागतं. म्हणून कायदा माहीत हवा. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा आहे आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. या कायद्याप्रमाणे एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं किंवा भेदभाव करणं हा गुन्हा नव्हे म्हणून सोडून द्यायची बाब नाही, त्याला कायद्यानेच मनाई आहे. हे सरकारी दवाखान्याला लागू आहे आणि खासगीलाही. तक्रारीसाठी राज्याने लोकपाल नेमायचा अशी तरतूद त्यात आहे. हातमोजे घालणं आणि साहित्य निर्जंतुक करणं हे तर प्रत्येक रुग्णासाठी करायचंच असतं.

माहिती किंवा सल्ला हवा असेल तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाईनचा मोफत क्रमांक आहे. फोन करायला नाव सांगावं लागत नाही.

आपल्या गटाचं काम काय?

कायदा आणखी एक गोष्ट सांगतो. कुणाला एचआयव्ही आहे ही माहिती तिच्या संमतीशिवाय उघड करायची नाही. आपल्या गटापुरतं त्याचं भान असं ठेवता येईल :

- कर्जाच्या अर्जावर आणि इतिवृत्तात कारण ‘औषधोपचार’ एवढंच लिहायचं. आजाराचं नाव लिहायचं नाही, विचारायचंही नाही.
- दवाखान्याच्या कागदांचे फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकायचे नाहीत.
- तोंडाच्या उपचारासाठी मोठी रक्कम मागणाऱ्या सखीला नकार देण्याआधी वरचे सहा प्रश्न तिच्या हातात द्यायचे आणि आशाताईंना किंवा आपल्या आरोग्यसखीला तिच्यासोबत पाठवायचं, पण तिची तयारी असेल तरच. बऱ्याचदा हजारोंचं काम थोड्या दिवसांच्या गोळ्यांत भागतं.
- गोळ्या आणायला जाणाऱ्या सखीची त्या दिवशीची बैठकीची गैरहजेरी दंडाविना माफ करायची. ती कुठे गेली ते इतरांना कळायचं कारण नाही.
- एचआयव्ही एका ताटात जेवल्याने, एका हंड्यातलं पाणी प्यायल्याने, पापड-मसाल्याचं काम एकत्र केल्याने पसरत नाही. तोंडात बुरशी आलेल्या बाईला गटाच्या उद्योगातून बाजूला बसवायचं काहीच कारण नाही.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एड्सच्या रुग्णांचाही समावेश आहे. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या सखीला त्याचा अर्ज भरायला मदत करा.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर पाच मिनिटं काढा. प्रत्येकीने घरी जाऊन उजेडात, आरशासमोर, स्वतःची जीभ आणि गालाची आतली बाजू बघायची, एवढंच सांगा. पांढरं, लाल, न भरणारी जखम, दोन आठवड्यांहून जास्त टिकलेलं काहीही दिसलं तर दवाखान्यात दाखवायचं. आरशाला पैसे पडत नाहीत. वेळेत दिसलं तर बहुतेक वेळा लाईटपर्यंत जायची वेळच येणार नाही.